चिमटलेलं शेपूट आणि खोटी कड : सोलापूरजवळच्या एका पट्टी मिलमधलं प्रकरण

मला दाखवायला म्हणून मिलमधल्या लोकांनी एक तुकडा टेबलावर ठेवला होता. गरम लाटलेल्या पोलादी पट्टीचं शेवटचं टोक, हातभर लांब. एका अंगाने पट्टी स्वतःवरच दुमडली होती आणि तशीच रोलखालून निघाली होती, चपातीची कड मुडपावी आणि वरून लाटणं फिरवावं तशी. दुमडीपाशी पोलाद फाटलं होतं. फाटलेल्या कडा इतक्या धारदार होत्या की हातमोजा घालूनच तो उचलावा लागला. मिलमधली माणसं याला ‘शेपूट चिमटलं’ म्हणतात.

पट्टी अडीच मिलिमीटरची. दुमडली की रोलखाली एकदम दुप्पट थर येतो आणि रोलच्या अंगावर वण उठतो. मग पुढच्या प्रत्येक पट्टीवर, रोलच्या दर फेऱ्याला एकदा, तो वण छापला जातो. पाइप करणारा गिऱ्हाईक असली पट्टी परत पाठवतो. म्हणून मिल थांबवायची, रोल काढायचे, दुसरे घालायचे, काढलेले ग्राइंडिंगला द्यायचे, आणि तोवर भट्टीतला माल नुसता तापत, पपडी धरत पडून राहतो. एका शेपटामागे एवढं सगळं असतं.

ही मिल सोलापूरपासून फार लांब नाही. नाव देत नाही. माझं रोजचं काम टॉवेलची प्रोसेस हाउसं आणि साखर कारखाने यांच्या इन्स्ट्रुमेंटेशनचं. सोलापुरात या दोन गोष्टींना तोटा नाही. गरम पट्टीचं काम त्या मानाने कमी आलं आहे. एप्रिलच्या उन्हात फोन आला आणि मालक एवढंच म्हणाले, “पट्टी मधोमध ठेवणारी ऑटोमॅटिक सिस्टिम बसवली, तेव्हापासून शेपटं जास्त चिमटायला लागलीत. एक तर ती चालवून द्या, नाहीतर काढून टाका.”

मिल आणि तिचं यंत्र

बोकारोची किंवा बेल्लारी जिल्ह्यातल्या तोरणगल्लूची गरम पट्टी मिल ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी ते चित्र इथे आणू नये. तिथे पट्टी दीड-दोन मीटरपर्यंत रुंद असते आणि शेवटच्या स्टँडमधून, म्हणजे रोलच्या शेवटच्या जोडीतून, सेकंदाला दहा-पंधरा मीटरने सुटते. इथली पट्टी अडीचशे मिलिमीटर रुंद. छोटी स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड लादी, भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास तापते, रफिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या लाटण्यात, जाडी उतरते आणि मग ओळीने सहा फिनिशिंग स्टँड. पाचव्या आणि सहाव्या स्टँडमध्ये तीन मीटर अंतर, तिथे पट्टीचा वेग सेकंदाला चार मीटर. पट्टी तिथे नऊशे अंशांच्या आसपास असते, नारिंगी उजेडाची.

पूर्वी सगळ्याच स्टँडचे रोल मोटारीने फिरणाऱ्या स्क्रूंनी वरखाली व्हायचे. शेवटच्या दोन स्टँडना नंतर हायड्रॉलिक सिलिंडर बसवले. त्यामुळे पट्टी चालू असतानाच रोलची डावी-उजवी बाजू वरखाली करता येऊ लागली. मिलच्या भाषेत हे ‘लेव्हलिंग’. मोटारी ज्या अंगाला आहेत ती ड्राइव्ह साइड, माणसं उभी राहतात ती ऑपरेटर साइड. लेव्हलिंगची दांडी मुख्य रोलरच्या, म्हणजे मिल चालवणाऱ्या कारागिराच्या, हातात. वयाने सगळ्यांत मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि मीही पहिल्या तासापासून अण्णाच म्हणू लागलो.

नव्या सिस्टिममध्ये पाचव्या-सहाव्याच्या मध्ये वरून एक कॅमेरा लावलेला. तो चमकत्या पट्टीच्या दोन्ही कडा शोधतो, त्यांचा मध्य काढतो, मध्य मिलच्या मध्यरेषेपासून किती सरकला ते बघतो आणि त्या प्रमाणात सहाव्या स्टँडचा रोल कलवतो. कागदावर यात काहीच चूक नव्हती.

पट्टी सरकते म्हणजे काय होतं

पुढचं प्रकरण कळायला हे नीट समजून घ्यावं लागेल, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा रोलमधली फट ऑपरेटर साइडला जराशी कमी आहे. त्या अंगाला पट्टी जास्त दाबली जाते, जास्त लांबते. लांबलेला माल पुढे वेगाने निघतो, पण त्याच अंगाला मागून आत शिरणारा माल मंदावतो, कारण दर सेकंदाला जेवढं पोलाद आत तेवढंच बाहेर. ड्राइव्ह साइडला फट मोकळी, तिथे पट्टी भराभर आत ओढली जाते. म्हणजे मागची सबंध पट्टी एका अंगाने मंद, दुसऱ्या अंगाने जलद. ती वळते. वळलेली पट्टी पुढे आत येते तेव्हा ती मोकळ्या फटीच्या अंगाला सरकलेली असते. नियम एका ओळीचा आहे : पट्टी कमी दाबलेल्या बाजूकडे जाते. एका कडेला ती थंड असली तरी हेच घडतं. थंड कड टणक, तिथे रोल जास्त उचलला जातो, फट मोकळी होते, पट्टी थंड कडेकडे जाते.

किती जाते? अडीच मिलिमीटर जाडीला दोन कडांमध्ये ०.०२ मिलिमीटरचा फरक धरू. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. हा लांबीतला ०.८ टक्के फरक झाला. तो सगळा आत शिरणाऱ्या अंगालाच पडला असं सोयीसाठी धरलं आणि पाव मीटर रुंदीने भागलं, तर दर मीटरला ०.०३२ रेडियन एवढी वाक येते. तीन मीटरचं शेपूट आत जाईपर्यंत सरकणं होतं निम्मे गुणिले ०.०३२ गुणिले तीनचा वर्ग, म्हणजे १४४ मिलिमीटर. प्रत्यक्षात थोडा माल रुंदीत पसरतो, थोडा फरक पुढच्या अंगाला जातो, त्यामुळे आकडा बराच उतरतो. पण चौथा हिस्सा धरला तरी ३६ मिलिमीटर. पट्टीला दोन्ही बाजूंनी आवरणाऱ्या साइड गाइडमध्ये दोन्हीकडे मिळून तेवढी मोकळीक नसते. शेपूट गाइडवर आपटतं, मुडपतं आणि चिमटतं.

बरं, सरकलेली पट्टी आपण होऊन परत येत नाही. ती मध्यापासून दहा मिलिमीटर सरकली की तिचा भार त्या अंगाच्या हाउसिंगवर, म्हणजे रोल धरणाऱ्या चौकटीवर, जास्त पडतो. दीडशे टन दाब, दोन बाजूंच्या दाबाच्या जागांमध्ये आठशे मिलिमीटर अंतर धरलं आणि दर बाजूला शंभर टनांमागे चौकट एक मिलिमीटर ताणली जाते असं धरलं, तर पट्टीच्या रुंदीत सुमारे ०.०१ मिलिमीटरची नवी तिरप तयार होते, आणि तीही पट्टी आधीच ज्या अंगाला चालली आहे तिकडेच. सरकण्याने सरकणं वाढतं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत ज्याने नंदीध्वज पेलला आहे, किंवा निदान पेलणाऱ्याच्या पायांकडे नीट पाहिलं आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. काठी कलल्यावर पाय टाकून उपयोग नसतो. ती कलायला लागते आहे हे अंगाला कळलं पाहिजे. काठी किती कललीय याच्यापेक्षा ती कुठे निघालीय आणि किती वेगाने, हे महत्त्वाचं.

मग पट्टी रोज सरळ चालते ती कशी? ताणामुळे. पट्टीचा मागचा भाग पाचव्या स्टँडने धरलेला असतो, मधला लूपर, म्हणजे पट्टीला खालून उचलून धरणारा रोलर, ताण राखतो, पुढे पट्टी गुंडाळणारा कॉइलर ओढत असतो. ती थोडी वळायला गेली तर एका कडेला ताण वाढतो आणि तो तिला मागे खेचतो. हा आधार सुटतो तो एकाच क्षणी, शेपूट पाचव्या स्टँडमधून बाहेर पडतं तेव्हा. तिथून सहाव्यापर्यंतचे तीन मीटर ते मोकळं असतं. चार मीटर वेगाने पाऊण सेकंद. सगळी शेपटं त्या पाऊण सेकंदात चिमटतात.

१९२४ साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ॲशलंडला जॉन टायटस यांनी सलग गरम पट्टी ओढणारी पहिली मिल उभी केली. एकामागे एक स्टँडमधून पट्टी सरळ न्यायची हीच अडचण त्यांच्याही पुढे होती. पट्टीचा मध्य कडांपेक्षा किंचित जाड ठेवला की ती बरी सरळ धावते, ही समज रोलरांच्या पिढ्यांनी तेव्हापासून जपली आहे. अण्णांनी टायटस हे नाव ऐकलेलं नाही. पण रोल घासून आले की ते त्यांच्या पोटावर आधी सरळपट्टी ठेवून बघतात.

माझी पहिली चूक

टॉवेलच्या कापडाला सरळ ठेवायचं काम मी अनेकदा केलं आहे. किनारीवर एक डोळा, तो सरकणं मोजतो, गायडर रोलर कलतो, कापड परत येतं. ताणलेलं कापड रोलरला काटकोनात बसायला बघतं, म्हणून रोलर कलवला की ते त्या दिशेने जातं आणि थांबतं. चुकलं तरी सावकाश चुकतं. तिथे मागे-पुढे दोन्हीकडे ताण कायम असतो, शेपूट अशी गोष्ट दिवसभरात क्वचितच येते.

तोच साचा डोक्यात घेऊन मी पहिली सकाळ रोल किती कलवायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरचा जोर कमी-जास्त करण्यात घालवली. जोर वाढवला की पट्टी डावी-उजवीकडे डोलू लागे, कमी केला की काहीच होत नसे. रोलच्या कलण्यातून आधी पट्टीचा कोन साठत जातो आणि कोनातून मग सरकणं साठतं, अशी ही दोन पायऱ्यांची साठवण आहे. नुसत्या सरकण्याकडे बघून दिलेला हुकूम इथे नेहमी उशिरा पोचतो. दुपारपर्यंत मी नाद सोडला आणि पल्पिटमध्ये, म्हणजे मिल चालवायच्या केबिनमध्ये, अण्णांच्या शेजारी जाऊन बसलो.

अण्णा काय म्हणत होते

मी सिस्टिम बंद करायला सांगितली आणि दोन तास फक्त पाहिलं. अण्णा हाताने चालवत होते. शेपटं हलत होती, एकदा गाइडला घासलं, पण चिमटलं एकही नाही. मग चालू करायला सांगितली. अण्णांनी दांडीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. सातव्या की आठव्या पट्टीला ड्राइव्ह साइडला ठिणग्यांचा झोत उठला, धप्प आवाज आला आणि खालून कोणीतरी हात वर केला.

“साहेब,” अण्णा म्हणाले, “शेपूट ड्राइव्हकडं पळतंय, आन् ह्ये यंत्र त्याला आजून तिकडंच ढकलतंय. मी सुरवातीपास्नं सांगतोय.”

त्यांनी खरोखरच सांगितलं होतं. यंत्र बसवायला आलेल्या माणसांनी त्याचा अर्थ ‘दिशा उलटी जोडली आहे’ असा घेतला आणि हुकमाचं अधिक-उण्याचं चिन्ह बदललं. मग वेगळ्याच पट्ट्या चिमटायला लागल्या. त्यांनी चिन्ह पुन्हा पूर्ववत केलं. त्यानंतर अण्णांचं म्हणणं ‘जुन्या माणसाचा नव्याला विरोध’ या खात्यावर जमा झालं. याचं मला अजूनही वाईट वाटतं. तीस-पस्तीस वर्षं त्या नारिंगी पट्टीकडे बघत आलेला माणूस एक नेमकी गोष्ट सांगत होता आणि ती कुणी तपासली नाही.

मी आधी दिशा तपासली. पट्टीचा मधला भाग चालू असताना, ताण पक्का असताना, हाताने अगदी थोडं लेव्हलिंग दिलं. पट्टी जिकडे जायला हवी तिकडे किंचित गेली आणि कॅमेऱ्यानेही तेच दाखवलं. दिशा बरोबर होती. तरी यंत्र उलटं ढकलत होतं. म्हणजे यंत्राला पट्टी भलतीकडेच दिसत असली पाहिजे.

रुंदीने दिलेली साक्ष

पडद्यावर एकच रेघ उमटत होती, मध्य किती सरकला त्याची. मी सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाला म्हटलं, मध्य नको, दोन्ही कडा वेगवेगळ्या काढून दे. तासाभरात त्याने दोन रेघा आणल्या, ऑपरेटर साइडची कड आणि ड्राइव्ह साइडची कड. तिसरी मी मागून घेतली : दोघींमधलं अंतर, म्हणजे पट्टीची रुंदी.

पट्टी खरोखर सरकते तेव्हा दोन्ही कडा एकाच दिशेला, सारख्याच सरकतात. रुंदी जागची हलत नाही. नोंदीतल्या काही पट्ट्यांमध्ये तसंच दिसत होतं. पण ज्या पट्ट्यांची शेपटं चिमटली होती, त्यांच्यात ऑपरेटर साइडची कड जिथल्या तिथे सरळ आणि ड्राइव्ह साइडची तेवढी आत आलेली. रुंदी पंधरा-सोळा मिलिमीटरने कमी. अडीचशेची पट्टी तापलेली असताना फुगून दोनशे त्रेपन्नच्या आसपास जाते. ती दोनशे सदतीसची व्हायला वाटेत कुणी कात्री लावलेली नव्हती.

म्हणजे ड्राइव्ह साइडची कड कॅमेऱ्याला दिसतच नव्हती. पट्टी जागेवर होती, पण तिची एक कड अंधारात होती. सोळा मिलिमीटर कड हरवली की हिशेबातला मध्य आठ मिलिमीटर ऑपरेटर साइडला सरकतो. यंत्राला वाटतं पट्टी ऑपरेटर साइडला गेली, आणि ते तिला ड्राइव्ह साइडकडे ढकलू लागतं. अण्णा जे म्हणत होते ते शब्दशः.

कड अंधारात का होती ते बघायला आम्ही पुढच्या रोल-बदलाची वाट पाहिली. मिल थांबल्यावर फिटर पाचव्या स्टँडमध्ये बॅटरी घेऊन शिरला. रोल थंड ठेवायला त्यांच्यावर सतत पाणी मारतात आणि ते पट्टीवर सांडू नये म्हणून रोलला टेकून वायपर असतो. तो वायपर ड्राइव्ह साइडच्या टोकाला झिजला होता. फिटरने खालून हात वर करून करंगळी दाखवली, एवढी फट. त्या फटीतून पाण्याची एक बारीक धार पट्टीच्या कडेवर पडत होती. वाफेच्या पडद्यात ती वरून कुणालाच दिसली नव्हती. वायपर नवा असताना सगळं ठीक चालायचं, झिजत गेला की त्रास सुरू व्हायचा. ‘कधी होतं, कधी होत नाही’ या तक्रारीचा उलगडा तिथे झाला.

धार बारीक असली तरी कॅमेऱ्याला ती पुरते. हा कॅमेरा पट्टीच्या स्वतःच्या उजेडावर चालतो. तापलेल्या वस्तूचा उजेड तापमानाबरोबर सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो कोसळतो. कॅमेरा बघतो त्या लाल आणि त्यापलीकडच्या किरणांत नऊशे अंशांची कड साडेआठशेवर आली की उजेड जवळपास निम्मा होतो, आठशेवर आली की पाव भागाच्या थोडा वर उरतो. कड कुठे आहे हे ठरवायला सिस्टिमने एक ठरावीक पातळी धरली होती, भर उजेडाच्या निम्मी. पन्नास अंशांनी थंड झालेली कड त्या पातळीपाशीच घुटमळणार, शंभर अंशांनी थंड झालेली तर तिला पट्टी वाटणारच नाही.

आणि याच पाण्याने दुसरंही एक काम केलं होतं. कड खरोखरच थंड झाली होती. थंड कड टणक, पट्टी थंड कडेकडे जाते, म्हणजे ड्राइव्ह साइडकडे. पाण्याची एक धार पट्टीला ड्राइव्ह साइडकडे नेत होती आणि तीच धार यंत्राला सांगत होती की पट्टी ऑपरेटर साइडला आहे, तिला अजून ड्राइव्ह साइडकडे ढकल. दोन्ही जोर एकाच दिशेने लागत होते. हे वहीत मांडलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसता त्या आकृतीकडे बघत राहिलो.

पण मग पट्टीचा मधला भाग नीट कसा जात होता, शेपूटच का चिमटत होतं? याचं उत्तर कंट्रोलरमध्ये होतं. त्यात, दिसणारी चूक मिटेपर्यंत तिची बेरीज करत साठवत जाणारा भाग होता. आठ मिलिमीटरची खोटी चूक तशीच कायम दिसत राहते, ताणामुळे पट्टी फारशी हलत नाही, चूक मिटत नाही, म्हणून तो भाग रोल थोडा अजून कलवतो, अजून थोडा, परवानगीच्या टोकापर्यंत. ताण आहे तोवर हे सगळं झाकलेलं राहतं. शेपूट पाचव्या स्टँडमधून सुटतं, ताण जातो, आणि मिनिटभर साठवलेली तिरप त्या पाऊण सेकंदात पूर्ण जोराने त्याच्यावर पडते.

काय बदललं

वायपर बदलला हे उघड आहे. तो आता झिजल्यावर बदलायचा नाही, ठरलेल्या रोल-बदलाला काढून दोन्ही टोकांना मोजायचा. कॅमेऱ्याखाली पट्टीच्या आडवा हवेचा झोत लावला, म्हणजे पाणी आणि वाफ कडेला जातात. एवढं करून मी निघून गेलो असतो तरी मालक खूश झाले असते. पण पुढचा वायपर कधीतरी झिजणारच होता.

कड शोधायची रीत बदलली. ठरावीक पातळीऐवजी उजेड जिथे सर्वांत झपाट्याने पडतो ती जागा कड धरायची. थंड कडही तिच्या बाहेरच्या काळोखापेक्षा उजळ असतेच. यानेही फसगत होऊ शकते, पाण्याच्या धारेची आतली सीमा कधी कधी पट्टीच्या कडेपेक्षा ठळक दिसते. म्हणून बाहेरून आत शोधायचं, आतून बाहेर नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा बदल तिसरा. रुंदीला साक्षीदार केलं. चालू मालाची गरम रुंदी आधीच माहीत असते. मोजलेली रुंदी तिच्यापासून चार मिलिमीटरहून जास्त हटली, तर मध्याचा आकडा कितीही सुबक दिसत असला तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. रोल जिथे आहे तिथेच गोठवायचा, पल्पिटमध्ये पिवळा दिवा लावायचा आणि दांडी अण्णांकडे. हे दहा-बारा ओळींचं काम होतं. दोन्ही कडा मोजणारी सिस्टिम रुंदी आधीपासून जाणतच होती, फक्त तिला कुणी विचारत नव्हतं.

कंट्रोलरमधला साठवणारा भाग जवळजवळ काढून टाकला, उरला तेवढ्यावर घट्ट मर्यादा घातली. सरकण्याच्या वेगाला वजन दिलं, नंदीध्वजाच्या पायासारखं. पण वेग काढायचा तर मोजणी ताजी हवी. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेत होता आणि दहा चित्रांची सरासरी काढत होता, म्हणजे हातात येणारा आकडा सरासरी ०.२ सेकंद शिळा. शेपटाच्या पाऊण सेकंदातला पाव हिस्सा तिथेच गेला. पूर्ण चित्राऐवजी त्याचा फक्त एक आडवा तुकडा वाचायला लावल्यावर तोच कॅमेरा सेकंदाला १०० चित्रं देऊ लागला. चारांची सरासरी पुरली.

शेपटासाठी वेगळी शिस्त लावली. शेपूट पाचव्या स्टँडजवळ येऊ लागलं की मिल चारवरून तीन मीटरवर आणायची, म्हणजे पाऊण सेकंदाचा एक सेकंद होतो. लूपरचा ताण एकदम सुटू द्यायचा नाही, शेवटच्या काही मीटरांत हळूहळू उतरवायचा, म्हणजे तिरप असेलच तर ती पाचव्या स्टँडची पकड असतानाच दिसते. ही दुसरी गोष्ट अण्णांची. हाताने चालवताना ते शेवटाला लूपर ‘ढिला सोडत येत’ असत. का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी आधी विचारलं नाही. नोंदी बघताना दिसलं.

रोल बदलल्यावर शून्य लावायच्या कामातही लक्ष घातलं. दोन्ही रोल एकमेकांवर टेकवून दाबायचे आणि दोन्ही अंगांचा भार सारखा होईपर्यंत लेव्हलिंग करून तिथे शून्य धरायचं. घाईत हे अर्धवट सोडलं जात होतं. जिथे ०.०२ मिलिमीटरने शेपूट गाइडवर जातं, तिथे घाईत लावलेल्या शून्याला काही अर्थ नाही. फोरमनशी यावरून थोडी वादावादी झाली. शेवटी पाच मिनिटं जास्त लागतात हे त्यांनी मान्य केलं.

नंतर

पहिली पूर्ण पाळी सिस्टिम चालू ठेवून गेली आणि शेपूट चिमटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम झिजलेला वायपर परत लावून पाहिला. मालकांना हे पटत नव्हतं, पण मला पिवळा दिवा लागतो का हे डोळ्यांनी बघायचं होतं. चौथ्या पट्टीला लागला, रोल गोठला, अण्णांनी दांडी घेतली आणि शेपूट नीट गेलं. लगेच चांगला वायपर बसवून घेतला.

तिसऱ्या रात्री एक चिमटलं. मला सकाळी कळलं. नोंद काढली तर रुंदी अगदी बरोबर, दोन्ही कडा एकत्र सरकलेल्या, पट्टी खरोखरच ड्राइव्ह साइडला गेलेली. यंत्राने पाहिलं, बरोबर दिशेला हुकूम दिला, पण सरकणं त्याच्या आवाक्यापेक्षा वेगवान होतं. ती स्लॅब मिल थांबली तेव्हा भट्टीच्या दाराशी पडून होती आणि एका अंगाने थंड झाली होती. सहाव्या स्टँडवर कितीही हुशारी केली तरी भट्टीतून तिरकी तापून आलेली स्लॅब तिथे सरळ होत नाही. म्हणून दाराशी अडकलेली स्लॅब परत आत ढकलून पुरेसा वेळ दिल्याशिवाय सोडायची नाही, असं ठरलं. पाळी बदलताना हे पाळलं जातं की नाही हे मी सांगू शकत नाही. त्यासाठी रफिंगनंतर दोन्ही कडांचं तापमान मोजायचं साधन लावावं, असं मी लिहून दिलं आहे. ते पुढच्या शटडाउनला आहे.

पट्टीचं पहिलं टोक अजून अण्णाच हाताने घालतात. तिथे ऑटोमॅटिक लावायचा आग्रह मी धरला नाही. टोक सहाव्यात शिरेपर्यंत पुढे ताणच नसतो, आणि लेव्हलिंगची चूक झाली तर कॉबल होऊन, म्हणजे पट्टी अडकून गोळा होऊन, ती वर उसळते. माणसं जवळ असतात.

निघायच्या दिवशी अण्णांनी एकच मागणी केली. पडद्यावर मध्याची रेघ मोठी आणि रुंदीची रेघ खाली कोपऱ्यात बारीक होती. त्यांना रुंदीची वर हवी होती, मोठी, चश्म्याशिवाय दिसेल अशी. आम्ही दोघींच्या जागा बदलल्या आणि मी गाडीत बसलो.